आमची वाटचाल : खाणीच्या नेमप्लेटपासून गिटार पेडलच्या डब्यापर्यंत

गोव्यात डिचोलीतलं आमचं वर्कशॉप बाबांनी सुरू केलं ते खाणींच्या जोरावर. पितळेच्या नेमप्लेट, मशिनच्या पॅनलवरची अक्षरं, बार्जच्या (खनिज वाहणाऱ्या बोटींच्या) इंजिनरूममधल्या पाट्या, सगळं एचिंगचं काम, म्हणजे रसायनाने धातू खाऊन अक्षरं कोरायची. 2012 मधे खाणी बंद पडल्या, 2018 मधे सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या, आणि खाण नाही म्हणजे ट्रक नाही बार्ज नाही, मग पाट्या कोण करून घेणार. बऱ्याच जणांनी ट्रक फुंकून टाकले, आम्ही एचिंगचे टब तेवढे राखले.

नवीन गिऱ्हाईक आलं ते भलतंच, गिटार वाजवणारी पोरं! गोव्यात बँडना काय तोटा, त्यातली काही इफेक्ट पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) घरीच सोल्डर करतात आणि त्याच्या कास्ट अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर नाव, नक्षी कोरून मागतात. पण डबा येतो तो भोकं पाडूनच, फूटस्विचचं 12 मिमी, एलईडीचं 5, कारण सर्किट आत बसवून बघितलेलं असतं.

गोम इथेच आहे. अ‍ॅल्युमिनियम पितळेसारखं गप्प बसत नाही, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात (एचिंग त्यानेच होतं) घातलं की फसफसतं, हायड्रोजन सुटतो (पंखा आणि उघडी खिडकी हवीच) आणि डबा चांगलाच तापतो. भोकाच्या कडेला द्रावण वरूनही लागतं आणि आतूनही, म्हणून कड आधी खाल्ली जाते, भोक मोठं होतं. त्यात डिझाइन छापलेला टोनरचा कागद (टोनर म्हणजे लेझर प्रिंटरची काळी पूड, ती धातूवर चिकटते तिथे द्रावण खात नाही) इस्त्रीने दाबताना भोकाखाली आधार नसतो, म्हणजे नेमका कडेलाच टोनर कच्चा बसतो. काहीजण मेण भरतात, ग्लूगन मारतात, पण डबा तापला की दोन्ही सुटतं, आमच्याकडे ते चालत नाही.

आम्ही आधी काउंटरसिंक (भोकाची कड तासायचं पातं) हाताने फिरवून बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धार, काढतो. डिझाइनमधेच प्रत्येक भोकाभोवती काळी रिंग ठेवतो, वॉशरखाली झाकली जाईल एवढी, कारण एचिंग खोल जातं तसं बाजूलाही खातं. टोनर बसला की कडांवर नेलपॉलिश (दुकानदारीण अजून हसते), आणि ते सुकल्यावर पावडर कोटिंगवाले वापरतात ते निमुळते सिलिकॉनचे प्लग आतून दाबून बसवायचे, ते उष्णतेला दाद देत नाहीत. वर आतून टेप. मग पातळ केलेल्या द्रावणात डबा पालथा, थोडा वेळ बुडवायचा, काढायचा, धुवायचा, परत बुडवायचा, आणि सारखा हलवत राहायचा, नाहीतर बुडबुडे अडकून तिथे डाग राहतात. पीसीबी (तांब्याचा थर असलेले सर्किटबोर्ड) एच केलेलं जुनं द्रावण तर नकोच, त्यातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमवर लाल थर होऊन बसतं.

पावसात वेगळीच कटकट, कागद दमट होतो आणि टोनर धड उतरत नाही, म्हणून जून ते चवथीपर्यंत कागद बल्ब लावलेल्या पेटीत.

पैसा म्हणाल तर तो वेर्ण्याच्या फॅक्टऱ्यांच्या स्टेनलेस पॅनलमधे जास्त. पेडलवाल्यांना मी एवढंच सांगतो, डबा कोराच आणा, भोकांचे मध्य आम्ही एचिंगमधेच टिंब करून देतो, ड्रिल घसरत नाही, रेटही कमी पडतो. भोकं पाडून आणलात तर भोकामागे वेगळे पैसे. तरी पाडूनच आणतात.