आईच्या नावावरची पॉलिसी

दादा गेला १९ ऑगस्ट २०२३ ला, मिरजेच्या एका हॉस्पिटलात, रात्री अडीच वाजता. हार्ट अटॅक. वय ४८. कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत तो २१ वर्षं मोल्डिंगवर होता. मागे वहिनी, आयटीआय करणारा १९ वर्षांचा मुलगा, अकरावीतली मुलगी आणि आमची आई.

तेरावं झालं त्या संध्याकाळी वहिनीनं एक प्लास्टिकची पिशवी माझ्यापुढं आणून ठेवली. "वन्सं, ह्यातलं मला काय बी कळत नाही. तुम्हीच बघा." पिशवीत दोन पासबुकं, लाइटची बिलं, पोरीच्या एसटीच्या पासाची झेरॉक्स आणि एका जाड पाकिटात एलआयसीचा बाँड होता. ओसरीवर बसलेले चुलते म्हणाले, "अगं, अजून राख निवली नाही आणि पैशाचं काढलंस?" मला तेव्हा उलट बोलता आलं नाही. आज सांगते, त्या संध्याकाळी पिशवी उघडली त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. पोरीची फी थांबणार नव्हती.

पहिला हेलपाटा मृत्यूच्या दाखल्याचा. आम्ही तासगाव तालुक्यातले, म्हणून मी सरळ गावच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक समजूतदार होते. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथं होत नाही, गेला तिथं होते, हे त्यांनी सांगितलं. म्हणजे दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून घ्यायचा. नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर कळवायचं काम दवाखान्याचं, पण नाव कसं लिहून पाठवलंय ते आपणच बघायचं. आमच्याकडं वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. खिडकीवरच ती दुरुस्त करून घेतली. मी तीन प्रती मागितल्या तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "ताई, आठ घ्या." आठही लागल्या.

आता बाँड. दादाचा पहिला पक्का पगार झाला तेव्हा, २००१ साली काढलेली एक लाखाची पॉलिसी. नॉमिनीच्या रकान्यात आईचं नाव. तेव्हा दादाचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळं दुसरं कुणाचं नाव घालणार? लग्न २००३ ला झालं, पोरं झाली, घराला स्लॅब पडला, पण तो रकाना तसाच राहिला. वहिनीनं बाँड हातात घेतला, आईचं नाव वाचलं आणि गुपचूप परत पाकिटात घातला. एक शब्द बोलली नाही.

आणखी एक भीती होती. मे महिन्याचा सहामाही हप्ता भरलेलाच नव्हता. सवलतीचे ३० दिवस कधीच उलटले होते. वहिनी म्हणाली, "म्हणजे गेलंच की ते." मलाही तसंच वाटलं. शाखेत दाव्याच्या टेबलावर एक मॅडम होत्या. त्यांनी पॉलिसी नंबर टाकला, हप्त्यांची नोंद बघितली आणि म्हणाल्या, पाच वर्षांचे पूर्ण हप्ते भरले असतील आणि न भरलेल्या पहिल्या हप्त्यापासून बारा महिन्यांच्या आत मृत्यू झाला असेल, तर विम्याची रक्कम पूर्ण मिळते, फक्त थकलेला हप्ता कापून घेतात. तीन वर्षांचे भरले असतील तर ही मुदत सहा महिन्यांची. बावीस वर्षं त्यानं एक-एक हप्ता भरला होता. एकदा पोरीच्या क्लाससाठी थांबला, आणि तेवढ्यानं सगळं बुडालं असं आम्ही घरी बसून ठरवून टाकलं होतं. विचारायला गेलो नसतो तर ते आमच्यापुरतं बुडालंच असतं.

कागद फार लागले नाहीत. ३७८३ क्रमांकाचा दाव्याचा अर्ज, मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि तिच्या पासबुकाची झेरॉक्स. पॉलिसीला तीन वर्षं होऊन गेली असली की दवाखान्याच्या कागदांचा मोठा ससेमिरा राहत नाही. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानं तीन वर्षांनंतर कंपनीला 'आजार लपवला होता' असं म्हणून पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. हे मला आधी माहीत असतं तर दादाच्या बीपीच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी सापडल्यावर मी ती रात्र जागून काढली नसती.

फाउंड्रीतला पीएफ वेगळा. तिथं पर्सोनेलमधल्या एका साहेबांनी फार आपुलकीनं काम केलं. २०२१ मध्ये सगळ्या कामगारांना मोबाइलवर ई-नॉमिनेशन करायला लावलं होतं, आणि दादानं त्यात वहिनी आणि दोन्ही पोरांची नावं घातली होती. माणूस एकच, पण एका कागदावर आई आणि दुसऱ्यावर बायको-पोरं. जिथं कुणी त्याला बसवून भरून घेतलं, तिथं ते बरोबर झालं.

त्या साहेबांनीच विचारलं, "ईडीएलआयचं माहीत आहे ना?" नव्हतं. पीएफ असलेला कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना विम्याची रक्कम मिळते, जास्तीत जास्त सात लाख. हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून त्याचा एक पैसा कापत नाहीत, म्हणून पगाराच्या स्लिपवर ते कधी दिसतही नाही. हिशोब असा की शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, पण १५ हजारांच्या वर धरत नाहीत, त्याच्या ३५ पट, म्हणजे सव्वापाच लाख. वर पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मे, पावणेदोन लाखांपर्यंत. दादाचे पूर्ण सात लाख झाले. पीएफ, पेन्शन आणि हा विमा, तिन्हींचा मिळून एकच अर्ज असतो. वहिनीला विधवा पेन्शन सुरू झाली, आणि दोन्ही पोरांना वयाची पंचविशी होईपर्यंत तिच्या पेन्शनच्या पाव-पाव हिस्सा. वहिनीला आता दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्या वेळी अंगठा मशीनवर ठेवताना ती खूप रडली.

बँकेचं मात्र जड गेलं. पासबुकात २०२३ च्या मे महिन्यात दोन छोट्या रकमा वजा झाल्या होत्या, ४३६ आणि २०. वीस रुपये म्हणजे सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा, आमच्या उपयोगाचा नव्हता. पण ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी मिळणारा. जून ते मे असं त्याचं वर्ष. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी २०१५ मध्ये सगळ्यांकडून तो फॉर्म भरून घेतला होता, म्हणून मला ती रक्कम ओळखू आली. बँकेत टेबलावरच्या माणसानं वर न बघता सांगितलं, "तशी काही स्कीम या खात्याला दिसत नाही." दुसऱ्या खेपेला सांगितलं, "ते विमा कंपनीचं आहे, त्यांना विचारा." दावा बँकेतूनच जातो हे मला ठाऊक होतं, तरी तासगावहून दोन बस बदलून आलेल्या वहिनीपुढं मला काही सुचेना. तिसऱ्या खेपेला मी साध्या कागदावर अर्ज लिहून नेला, सोबत पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स, आणि दुसरी प्रत पुढं करून म्हटलं, "यावर पोच द्या." शिक्का मारायला हात पुढं येईना. मग मॅनेजरांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं, फॉर्म निघाला, पावतीवर वहिनीच्या सह्या झाल्या. पाच आठवड्यांनी दोन लाख जमा.

मधल्या काळात एक जण घरी येऊन गेला होता. सगळं काढून देतो, दहा टक्के द्या. वहिनी हो म्हणायच्या बेतात होती, कारण माझ्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. मी बिनपगारी रजा टाकली. दहा टक्के म्हणजे पोरीचं पुढचं शिक्षण होतं.

आता मुख्य गोष्ट. एलआयसीचे एक लाख शहाण्णव हजार, बोनससकट, आईच्या खात्यावर आले. पूर्वी नॉमिनी म्हणजे फक्त पैसे उचलणारा हात, ते नंतर वारसांना द्यायचे, असं धरलं जायचं. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला. आता आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती लाभार्थी धरली जातात. थोडक्यात, आईनं ते पैसे ठेवले असते तर तिला कुणी चोर म्हटलं नसतं. भावकीतले दोघं तिला तसं सांगूनही गेले, म्हातारपणाला राहू दे म्हणून. वहिनी त्या दिवसांत आईसमोर जेवायला बसायची नाही, ताट घेऊन चुलीपाशी जायची. वीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला सासूच्या तोंडाकडं बघत बसावं लागलं, केवळ एक रकाना बदलायचा राहिला म्हणून. दादावर माझा जीव होता, पण हे त्यानं करायला हवं होतं. मीही त्याला कधी विचारलं नाही.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला त्या रविवारी आई मला म्हणाली, "उद्या बँकेत जायचं. तिला बी घे." काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजी, सगळेच सुनेच्या खात्यावर टाकू?" आई म्हणाली, "पाचशे ऱ्हाऊ दे, खातं मोडाय नको. बाकी तिचं हाय."

मग तिनंच विचारलं, "माझ्या खात्याला कुणाचं नाव लावलंय गं?" मुलीनं स्क्रीन बघितली आणि दादाचं नाव वाचलं. काउंटरपाशी आम्ही तिघी नुसत्या उभ्या राहिलो. आई म्हणाली, "ते काढ. सूनबाईचं घाल." नाव बदलायचा फॉर्म निघाला. आई अंगठा लावते, म्हणून दोन साक्षीदार लागले. एक मी, दुसरे रांगेतले एक गृहस्थ. आईच्या बोटाची शाई वहिनीनं आपल्या पदरानं पुसली, आणि नावाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं, शाळेतल्यासारखं सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं.