पाचव्या रात्रीचं कीर्तन

माघ लागला की आमच्या गावात सप्ताहाची बोलणी सुरू होतात. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या काठचं आमचं गाव. पावती पुस्तक बारा वर्षं माझ्याकडे आहे, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

ग्रंथपूजन, वीणापूजन, पाहुण्यांचे सत्कार दरवर्षीसारखेच होतात. माझा जीव अडकलेला असतो पाचव्या रात्रीत. त्या रात्री चंदगडकडचे बुवा दामाजीपंतांचं आख्यान लावतात. मृदंगवाले मामा आधी कणकेचा गोळा भिजवून धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, थापतात, थाप मारून कान देतात, चिमूटभर काढतात, परत लावतात. मनासारखा घुमारा आल्याशिवाय बुवांना उभं राहू देत नाहीत.

कथा सगळ्यांना पाठ आहे. मंगळवेढ्यात दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली आणि दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार त्यांना उघडं केलं. बेदरहून शिपाई धरायला आले. इकडे विठू महार होऊन पांडुरंग दरबारात गेला, धान्याचे पैसे भरले, पावती घेतली. बेदर आपल्याच कर्नाटकात, म्हणून की काय, आमच्याकडे ही गोष्ट फार जवळची वाटते. पण बुवा पावतीपर्यंत लवकर येत नाहीत. कुलपापाशी थांबतात. टाळ थांबतात. “माउली, कुलूप काढताना पंतांना ठाऊक होतं का, विठू येणार म्हणून? नव्हतं. मानेवर तलवार आहे एवढंच ठाऊक होतं.” मग नुसती वीणा वाजत राहते. इतकी वर्षं ऐकतेय, तरी तिथं माझे डोळे भरून येतातच.

2019 च्या ऑगस्टमधला पूर आमच्याकडे कुणी विसरणार नाही. नट्टी, म्हणजे भाताची रोपं, लावून झाली होती. नदी शेतातून फिरली आणि पाणी उतरलं तेव्हा रोपांवर ढोपरभर गाळ. आमच्या घराची मागची भिंत रात्रीत बसली. सुगीला कित्येक घरांत कणगी रिकामीच राहिली. जानेवारीत देवळात बैठक झाली. घरटी दोन पायली तांदूळ ही आमची रीत, आणि काल्याला हजारावर पान. बहुतेकांचं मत पडलं, यंदा राहू दे, विठोबा समजून घेईल. मीही मान हलवली होती, ते लपवत नाही. तेवढ्यात आमचे वीणेकरी आजोबा उठले. त्यांचं तर अर्धं घर गेलेलं, ताडपत्रीखाली राहत होते. घरी गेले नि धोतराच्या सोग्यात मापटंभर तांदूळ घेऊन आले. देवापुढे ओतले आणि एवढंच म्हणाले, “सप्ताह लावा.”

त्या संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी कणगीचा तळ झाडून शेरभर भात काढलं, कांडून पाठवलं. मग दारोदारचं येऊ लागलं. कुठं ओंजळ, कुठं शेर. पाच दिवसांत दोन पोती झाली. लागणार होती सात. तरी मंडप घातला.

त्या वर्षी पाचव्या रात्री जेमतेम चाळीस माणसं होती. हे मला आजही लागतं. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांत पाळी असते, गोव्याहून रजा मिळत नाही, मान्य. पण गावातच असून काल्याच्या जेवणालाच तेवढं तोंड दाखवणारे पुष्कळ आहेत. पाचवी रात्र चुकवून काय चुकवलं, हे त्यांना कसं सांगू?

राबणाऱ्यांचं मात्र लिहिलंच पाहिजे. मंडप घालणारे खालच्या गल्लीतले तिघे भाऊ. पहाटे चारला काकड्याला येणाऱ्या आमच्या महिला मंडळाच्या नऊजणी, त्यातली एक गुडघे धरून चालत यायची. मोठी भांडी देणारे पाटलांच्या वाड्यावरचे. चुलाणावर उभे राहणारे चौघे. पेटीवाले गुरुजी. शेजारच्या गावचे कन्नड बोलणारे टाळकरी, ज्यांना हरिपाठ आमच्या पोरांपेक्षा चांगला पाठ आहे. वीज गेली की जनरेटर घेऊन येणारा गिरणीवाला. पत्रावळ्या उचलणारी शाळेची मुलं. पाणी भरणाऱ्या दोघी जावा; त्यांचं मागच्या वेळी आभारात राहून गेलं, ते मला महिनाभर खात होतं. अजून कुणी राहिलं असेल तर घरी येऊन सांगा, रागावून बसू नका.

आणि एक टेंपोवाला. सहाव्या दिवशी भर उन्हात देवळापुढे येऊन थांबला. पाच पोती तांदूळ स्वतःच उतरवले. “वरच्या अंगाच्या गावांतून गोळा केलंय,” म्हणाला. मी पावती लिहायला घेतली, नाव विचारलं. तो हातपाय धुवायला नळावर गेला, प्रसादाचा द्रोण घेतला, आणि मी पुस्तक घेऊन बाहेर येईतो टेंपो वळणावर पोचला होता.

वीणेकरी आजोबा परवाच्या आषाढात गेले. वीणा आता त्यांच्या नातवाच्या गळ्यात आहे. 2020 चं पावती पुस्तक मी समितीला परत केलेलं नाही. त्यात एक पावती फाडायची राहिली आहे. पाच पोती तांदूळ, तारीख, माझी सही, आणि नावाची ओळ कोरी.