पॅनेल कोणतं, एवढंच विचारलं होतं

जुन्या टीव्हीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात अंधार साचायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्या काकांनी त्याची पाठ उघडून मला आतल्या पट्ट्या दाखवल्या. लांबट पट्ट्यांवर ओळीने बसवलेले बारीक दिवे, आणि त्यातली एक पट्टी विझलेली. 'एलईडी टीव्ही' म्हणून आम्ही इतकी वर्षं जे बघत होतो, त्यातलं एलईडी एवढंच: काचेमागचा उजेड. चित्र घडतं ते पुढच्या एलसीडी काचेत. तिथले द्रवस्फटिक विजेच्या दाबाप्रमाणे वळतात आणि मागचा उजेड कमी-जास्त अडवतात. पूर्ण अडवणं त्यांना जमत नाही, म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळं आभाळ राखाडी दिसतं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर नवा टीव्ही खोक्यावरच्या नावावरून घ्यायचा नाही, हे मी तिथेच ठरवलं.

नावांचा उलगडा तसा लवकर झाला. क्यूएलईडी म्हणजे तोच एलसीडी, फक्त उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा, म्हणजे उजेडाला नेमका रंग देणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. त्याने रंग शुद्ध होतात, काळेपणा वाढत नाही. मिनी-एलईडी हाही एलसीडीच, पण मागचे दिवे अगदी छोटे, हजारोंनी, आणि गटागटाने मंद होणारे. ओएलईडीची जातच वेगळी. त्यात बॅकलाइट नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो. ४के पडद्यावर असे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. मिनी-एलईडीत मंद होणारे गट काहीशे ते काही हजार, म्हणून काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती धूसर प्रभावळ दिसते. प्लाझ्मा, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या पिक्सेलांचा जुना प्रकार, मिळत असता तर मी डोळे मिटून तो घेतला असता, पण मोठ्या कंपन्यांनी २०१४ पर्यंत त्याचं उत्पादन गुंडाळलं.

आमच्याकडे अडचण दोन गोष्टींची होती. आईची खुर्ची भिंतीलगत, पडद्याच्या मध्यापासून चांगली ४० अंश बाजूला. गुडघ्यांमुळे तिला तीच जागा सोयीची, ती हलवायचा प्रश्नच नव्हता. आणि ती सकाळपासून बातम्या लावते. खाली कायमची पट्टी, कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह. ओएलईडीवर असं स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिलं तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि त्याची कायमची सावली उरते. त्यालाच बर्न-इन म्हणतात. म्हणून मी ओएलईडी बाजूला ठेवला, एलसीडीकडे वळले, आणि तिथे तीन आठवडे अडकले.

टीव्हीच्या एलसीडी काचा, म्हणजेच पॅनेल, मुख्यतः दोन प्रकारच्या: व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग खोल, कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ, ते प्रमाण) साधारण ३०००:१ ते ५०००:१, पण बाजूला सरकलं की चेहरे फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास, अंधारात काळं राखाडीच, पण बाजूने बघताना रंग टिकतात. आईच्या खुर्चीसाठी सगळा निर्णय या एका गोष्टीवर होता. आणि खोक्यावर, माहितीपत्रकात, कंपनीच्या संकेतस्थळावर, कुठेही ती लिहिलेली नव्हती.

ग्राहक सेवेला फोन केला. "मॅडम, ४के एलईडी पॅनेल आहे." व्हीए की आयपीएस, असं विचारल्यावर बराच वेळ संगीत वाजलं, मग दुसरी व्यक्ती आली, तिने तेच वाक्य सांगितलं. मला तक्रार क्रमांक देण्यात आला. माझी तक्रार नव्हती, प्रश्न होता, हे दोनदा सांगितलं. चार दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा संदेश आला. पुन्हा फोन केला, पुन्हा नवा क्रमांक. मग सविस्तर ईमेल लिहिला: मॉडेल क्रमांक, इंच, खुर्चीचा कोन, सगळं. उत्तरात मला तेच माहितीपत्रक जोडून आलं, ज्यात कॉन्ट्रास्टपुढे आकड्याऐवजी एक विशेषण छापलं होतं. वस्तू कशाची आहे हे न सांगता ती विकायची, याचा मला आजही संताप येतो. हिताचीने आयपीएस आणलं १९९६ मध्ये. इतकी जुनी रचना गुपित म्हणून जपण्यासारखं त्यात काय आहे?

तिसऱ्या आठवड्यात एका तंत्रज्ञांचा फोन आला. ते बिचारे मोकळेपणाने बोलले. "मॅडम, ते साइजवर असतं. एकाच सीरिजमध्ये एका साइजला एक पॅनेल, दुसऱ्या साइजला दुसरं. आणि कधी कधी त्याच मॉडेलमध्येही लॉटप्रमाणे पॅनेल बदलतं." म्हणजे एका मॉडेलबद्दल कुठे काही वाचलं असलं, तरी आपल्या घरी येणाऱ्या खोक्यात तेच असेल याची खात्री नाही. तुम्ही निदान एवढं करा: दुसऱ्या इंचाच्या टीव्हीचं परीक्षण वाचून आपल्या इंचाचा टीव्ही घेऊ नका.

मग स्वतःच तपासायचं ठरवलं. शोरूममध्ये पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या. तिथले टीव्ही डेमो मोडमध्ये असतात. उजेड कमाल, रंग भडक, आणि आपण सेटिंग बदललं तरी थोड्या वेळाने ते मूळ जागी येतं. काळा रंग तिथे तपासताच येत नाही, कारण छतावरचे दिवे काचेवर पडलेले असतात. तिसऱ्या वेळी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. त्यात तीनच चित्रं होती: एका माणसाच्या चेहऱ्याचा साधा फोटो, पूर्ण पांढरा पडदा आणि एकसारखा करडा पडदा. चेहरा लावून समोर उभी राहिले आणि हळूहळू बाजूला सरकत ४० अंशांपर्यंत गेले. एका टीव्हीवर चेहरा दुधात बुडवल्यासारखा झाला, शेजारच्यावर जवळजवळ तसाच राहिला. मग पांढऱ्या पडद्याला फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढले. मोठे करून पाहिल्यावर चेहरा टिकलेल्या टीव्हीत लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या बाणाच्या टोकासारख्या वाकलेल्या दिसल्या, दुसऱ्यात सरळ उभ्या. पहिला आयपीएस, दुसरा व्हीए. कंपनी जे तीन आठवडे सांगू शकली नाही, ते दहा मिनिटांत कळलं. त्या क्षणी मला मनापासून अभिमान वाटला.

पण उत्तर हातात आल्यावर दिसलं की ते दोन्हीकडून नकाराचं आहे. व्हीए घेतला तर आईला फिका दिसणार. आयपीएस घेतला तर आम्ही रात्री दिवे घालवून सिनेमा बघतो तेव्हा पुन्हा तेच राखाडी आभाळ. काही महागड्या व्हीए टीव्हींना बाजूचा कोन सुधारणारा जादा थर असतो, पण त्याने कॉन्ट्रास्ट घटतो, म्हणजे ज्यासाठी व्हीए घ्यायचा तेच थोडं कमी होतं.

वाट सापडली ती काकांच्या पट्ट्यांमुळे. एलसीडीचा मागचा उजेड गेला तरी काच शाबूत असते. पट्ट्या बदलता येतात. जुना टीव्ही दुरुस्त करून आईच्या खोलीत लावला, दिवसभराच्या बातम्या तिथे. हॉलमध्ये ओएलईडी आणला, संध्याकाळच्या मालिका आणि सिनेमांसाठी. बाजूच्या खुर्चीतून तो समोरून दिसतो जवळजवळ तसाच दिसतो.

ओएलईडीतही दोन वाटा आहेत. एकात पांढरा प्रकाश देणारे थर आणि त्यावर रंगांचे फिल्टर. दुसरा, २०२२ पासून बाजारात आलेला क्यूडी-ओएलईडी, त्यात निळा प्रकाश आणि क्वांटम डॉट. दुसऱ्याचे रंग फार सुंदर, पण खोलीतला उजेड पडद्यावर पडला की त्याचा काळा थोडा करडा वाटतो. आमच्या हॉलला मोठी खिडकी आहे, म्हणून पहिला घेतला.

आकाराचं आधी सांगायला हवं होतं. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो. तो नजरेत ३० अंश भरावा असं वाटत असेल तर अंतर साधारण २.३ मीटर लागतं, ४० अंशांसाठी १.७ मीटर. आमचा सोफा २.२ मीटरवर, म्हणून ५५. आणि टीव्ही पायांवर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतर मोजून जा. ते दोन टोकांना असतात, अरुंद टेबलावर बसत नाहीत.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी करडा पडदा लावून डाग-पट्टे बघा आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका. मग फिल्ममेकर मोड लावा. त्यात हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद होते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मधली चित्रं टीव्हीने स्वतः रचली की तो मालिकेसारखा दिसायला लागतो. ओएलईडीवर कॅमेरा हळू फिरताना चित्र किंचित अडखळल्यासारखं वाटतं, कारण पिक्सेल फार चपळ आहेत. मी ते चालवून घेते. ज्यांना खटकतं त्यांनी ती सोय अगदी खालच्या पायरीवर ठेवावी.

आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका. रिमोटने बंद केल्यावर ओएलईडी टीव्ही आतल्या आत पिक्सेलची झीज मोजून दुरुस्ती करतो. आमच्याकडे काही तास वापर झाला की हे काम निघतं, आणि त्यासाठी वीजपुरवठा चालू लागतो. झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची आईची जुनी सवय आहे. त्या एका बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.