समोरचं ऊन, पाठचं ऊन

आळंदीहून पंढरपूरची वाट ढोबळमानाने आग्नेयेला जाते. नकाशावर हे कधीही दिसलं असतं, पण मला ते चालताना कळलं. रोज सकाळी ऊन तोंडावर यायचं आणि दुपार कलली की पाठीवर. वारीत पाय सुजतात, टँकरखाली अंघोळीला पहाटे तीनला नंबर लावावा लागतो, तंबूत ओल येते, हे सगळं ऐकून गेले होते. सकाळचा रस्ता आणि संध्याकाळचा रस्ता हे दोन निराळे रस्ते असतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळचा रस्ता चांदीचा. रात्री पाऊस पडून गेलेला, डांबरावर पाण्याचा पापुद्रा, आणि समोरून नुकतं वर आलेलं ऊन. पुढची दिंडी म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या. पताका, वीणा, डोक्यावरची वृंदावनं, सगळ्यांना कडेने एक उजळ रेघ. मागे वळून पाहावं तर तोच रस्ता काळाकुट्ट आणि माणसं रंगीत. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे कारण ठाऊक होतं. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर त्याच्यावर पडलेल्या उजेडातले शंभरातले दोनच हिस्से परत येतात. नजर जितकी आडवी होत जाते तितका परतणारा उजेड वाढतो. म्हणून पायाखालचा रस्ता कधी चकाकत नाही. चकाकतो तो पुढचा, आणि तिथे पोचेपर्यंत तोही काळा झालेला असतो. फळ्यावर ही आकृती मी किती वेळा काढली असेल. तिच्यातून चालत गेले ते आत्ता.

पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा, त्यात दिवे घाट, त्यात पाऊस. इरली आता दिसत नाहीत. ज्याच्या त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, निळा, पिवळा, नाहीतर पारदर्शक. वरच्या वळणावर दम खायला थांबले आणि खाली नजर गेली. ढग जरा फाटले होते, आणि अख्खा घाट माशाच्या खवल्यांसारखा हलत होता. एरवी मला प्लॅस्टिकचा भयंकर राग आहे. त्या दिवशी पाच मिनिटं सोडून दिला.

दिंडीत माझ्या वाट्याला भांडी आली. मोठी पातेली जर्मनची, ती घासायला बाप्ये असायचे. आमच्याकडे ताटं, वाट्या, तांबे. आमच्या म्हणजे माझ्या आणि आक्कांच्या. आक्का सत्तरीच्या पुढच्या, नाकात चमकी, जिभेला धार. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मास्तरीणबाई, निस्तं फिरवू नका, दाबून घासा." तांब्या विसळला की त्या तो बल्बसमोर धरायच्या आणि फिरवून बघायच्या. "चांदणी पडली पायजे. न्हाई पडली तर परत." त्यांचे स्वतःचे दोन पितळी तांबे होते, त्यांना स्टीलबरोबर ठेवायचं नाही अशी सक्त ताकीद. ते त्या चिंच आणि राख लावून घासत. चिंचेतल्या आम्लाने वरचा काळपट थर सुटतो आणि राखेचे बारीक कण उंचवटे झिजवतात. खडबडीत पृष्ठभाग उजेड सैरावैरा उधळून देतो, गुळगुळीत झालेला तो एका दिशेने परत पाठवतो. म्हणजे आक्का वस्तूला चमक देत नव्हत्या, मध्ये आलेलं काढत होत्या. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय मी इतकी वर्सं दुसरं करतीय व्हय?"

पण एक गोष्ट मला त्यांच्यामुळे सुचली. ताट सपाट. एका कोनातून ते लख्ख दिसतं, बोटभर तिरकं झालं की विझतं. तांब्याचं तसं नाही. तो गोल, त्यामुळे तुम्ही कुठेही उभ्या राहा, त्याच्यावर एक जागा अशी असतेच जी उजेड नेमका तुमच्याकडे वळवते. आक्का माझ्या समोर बसायच्या. त्यांची चांदणी एका बाजूला, माझी दुसऱ्या बाजूला, तांब्या तोच.

लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागराचा पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा टेकवायचा आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरवायचा. काळ्या भांड्यात एका फेरीत चंद्र उगवायचा. ते बघायला मी अभ्यास सोडून धावायचे. राहुटीत पडल्या पडल्या असलं काही आठवत राहायचं, आणि शब्दही. तकाकी पानाला, तुकतुकी वांग्याला किंवा बाळाच्या गालाला, झळाळी सोन्याला, झिलई लाकडाला. लुकलुकतं ते लांबचं, लखलखतं ते डोळे दिपवणारं. आपल्या भाषेने उजेडाचे इतके बारीक हिशेब ठेवलेत, आणि आम्ही पाठ्यपुस्तकात एकच शब्द शिकवत राहिलो, परावर्तन.

जेजुरीला भंडारा उधळला. पालखीवर, माणसांवर, बैलांच्या पाठीवर, सगळीकडे पिवळं. सोन्याची जेजुरी म्हणतात, आणि दिसतेही सोन्यासारखी, पण नीट पाहिलं तर हळद चमकत नाही. पूडच ती, मिळेल तो उजेड सगळ्या बाजूंना सारखा वाटून टाकते. समोरच्याला जितकी पिवळी, बाजूच्याला तितकीच. केसांतून ती चार दिवस निघाली नाही.

नीरेत पादुकांचं स्नान झालं तेव्हा गर्दीत मला पादुका दिसल्याच नाहीत. दिसली ती कुणीतरी उंच धरलेल्या कळशीतून पडणारी पाण्याची धार, उन्हात काचेच्या कांबीसारखी. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व समोरून गेला तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत, लक्षात राहिली घामाने तुकतुकणारी त्याची पाठ आणि मागून उठलेली धूळ. त्यापेक्षा जास्त वेळ मी दुसऱ्या दिवशी एका ओढ्याकाठच्या अळूजवळ घालवला. पानावर पाण्याचे थेंब, आणि थेंब पाऱ्याचे. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे मेणचट उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर बसतो आणि खाली हवा अडकून राहते. पाण्यातून आलेला तिरका उजेड त्या हवेच्या थराला थडकून परत फिरतो, म्हणून थेंबाला खालून चांदी लावल्यासारखं दिसतं. पान बोटाने जरा दाबून थेंब आत रुतवला की चांदी जाते, साधं पाणी उरतं. मी तीन-चार थेंबांचं असं वाटोळं केलं. मागून दिंडी पुढे निघून गेली, मग धावत गाठली.

माळशिरसच्या पुढे, वेळापूरच्या वाटेवर, ते दिसलं. चारच्या सुमारास सर येऊन गेली होती आणि संध्याकाळी पाठीमागून स्वच्छ ऊन आलं. आमच्या सावल्या आमच्याही पुढे, लांबच लांब, रस्त्याकडेच्या गवतावर पसरलेल्या. गवत थेंबांनी भरलेलं. माझ्या सावलीच्या डोक्याभोवती पांढुरकं तेज होतं. मी थांबले, तेही थांबलं. मी चालले, तेही चाललं. शेजारी आक्कांची सावली तशीच, साधी, काळी.

सांगावं की नाही? सांगितलं. आक्का थांबल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या कुठंय? माज्या हाय." त्यांच्या आवाजात किंचित संकोच होता, जणू उगाच जास्त वाढून घेतलं.

दोघींचंही खरं होतं. गवताच्या बारीक लवीवर तोललेला प्रत्येक थेंब भिंगासारखा. तो ऊन गोळा करून मागच्या पात्यावर टाकतो आणि तिथून उजेड आला त्याच वाटेने परत जातो, थेट सूर्याकडे. सूर्य आपल्या डोक्याच्या मागे, म्हणून तो परतीचा उजेड फक्त आपल्याच डोळ्यांना लागतो, आणि फक्त आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती. दुसऱ्याचं कधी दिसत नाही. सोळाव्या शतकात इटलीत बेनवेनुतो चेल्लिनी नावाचा सोनार होता, त्याला दवात हे दिसलं आणि देवाची आपल्यावरच खास कृपा झाली असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या शेजारी आक्का नव्हत्या.

मग आमचा खेळ सुरू झाला. जागा बदलून बघितलं, डोकं डोक्याला लावून बघितलं. डोकी टेकली तेव्हा तेज माझ्या बाजूने त्यांच्या पदराच्या सावलीवर थोडं सांडलं. त्यांना विचारलं तर त्यांचं माझ्याकडे सांडलेलं. मागून येणाऱ्या एका बाप्याने विचारलं, "माऊली, काय हरवलं का?" त्यालाही गवताकडे बघायला लावलं. तो काही बोलला नाही. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि सावलीकडे बघत बघत चालू लागला.

त्या रात्री तळावर समाज आरतीला चोपदारांनी चांदीचा दंड वर उचलला. त्यावर दिव्याचा उजेड पडला, आणि एवढा मोठा जमाव एका क्षणात गप्प झाला. हरवलेल्या वस्तूंची नावं पुकारली गेली. शेजारी आक्का उभ्या होत्या, आणि अंधारात त्यांच्या एका डोळ्यात मध्येच ठिणगीसारखं काही चमकून जात होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये घातलेलं भिंग कधीकधी असं चमकतं, हे माहीत असूनही मी दोनदा वळून पाहिलं.

एकादशीला पंढरपुरात दर्शनबारी इतकी लांब की विचारच केला नाही. कळसाला हात जोडून परतायचं ठरलं होतं. आभाळ सकाळपासून भरलेलं. एका बोळाच्या तोंडाशी गर्दी थबकली आणि घरांच्या मधून कळस दिसला, करडा, आभाळाच्याच रंगाचा. मग कुठूनतरी ऊन आलं. आक्का माझ्या खांद्याला लागायच्या, त्यांच्यापुढे नुसत्या पाठी. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक पायरी मोकळी होती. मी त्यांना दंडाला धरून वर चढवलं.

"दिसला का?"

त्या डोळे बारीक करून बघत राहिल्या, तांब्याकडे बघायच्या तशा.

"पडलीय," म्हणाल्या, "चांदणी पडलीय."