कारेन वडिलांचा जीवनपट लिहिताना

अमेरिकेत सेंट पॉलमधले आमचे कारेन शेजारी वारले. (कारेन म्हणजे बर्मा, आताचं म्यानमार, इथला एक समाज.) अंत्यविधीला वाटायच्या पत्रिकेत त्यांचा जीवनपट हवा होता, तो लिहायला मुलांनी मला हाताशी घेतलं. मिनेसोटात कारेन वस्ती मोठी आहे, ही वेळ इतरांवरही येईल; म्हणून उपयोगी पडलं तेवढं इथे देते.

पहिला गुंता नावाचा. कारेन लोकांत आडनाव नसतं. ‘सॉ’ हे पुरुषाच्या नावाआधी लावतात, बाईच्या नावाआधी ‘नॉ’. निर्वासित म्हणून नोंद होताना ‘सॉ’ हेच पहिलं नाव ठरलं आणि खऱ्या नावाचा शेवटचा तुकडा आडनावाच्या रकान्यात गेला. त्यामुळे मुलांची आडनावं बापाशी जुळत नाहीत, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जातल्या ‘आईचं माहेरचं आडनाव’ या रकान्यापाशी सगळे थबकतात. तिथे वारलेल्या माणसाच्या आईचं, म्हणजे मुलांच्या आजीचं, पूर्ण नाव लिहायचं. थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत आमच्या शेजाऱ्यांना थोरल्या मुलीच्या नावाने, ‘अमकीचा बाबा’ म्हणत, आपल्याकडे ‘बंड्याची आई’ म्हणतात तसं. पत्रिकेत हेही नाव छापा, नाहीतर छावणीतल्या जुन्या ओळखीच्यांना कोण गेलं ते कळणारच नाही.

जन्मतारीख कागदावर १ जानेवारी. नक्की तारीख ठाऊक नसली की बहुतेकांची हीच लागलेली असते. मृत्यूच्या दाखल्यावर नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख द्या, घरच्यांना खरी माहीत असली तरी. दोन सरकारी कागद जुळले नाहीत की पत्नीचं सोशल सिक्युरिटीचं (सरकारी पेन्शनचं) काम अडतं. खरा महिना पत्रिकेत येऊ दे. जुन्या बर्मी कागदांवर बर्मी सन असतो, त्यात ६३८ मिळवायचे. त्यांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये लागतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या नोंदींना ६३९.

पत्नीला “कोणत्या साली?” असं विचारून काही हाती लागत नाही. घटना विचारा. मानेरप्लॉ, म्हणजे कारेन बंडखोरांचं मुख्य ठाणं, पडलं (जानेवारी १९९५) तेव्हा घर कुठे होतं? थायलंडमधली ह्वे कलोकची निर्वासित छावणी जाळली (जानेवारी १९९७, पुन्हा मार्च १९९८) त्याआधी थायलंडमध्ये आलात की नंतर? थोरली तेव्हा चालत होती का? एवढ्यावर सालं आपोआप बसतात. गावांची नावं मात्र दोन-दोन असतात: बर्मी नकाशावरचं पापुन म्हणजे कारेन लोकांचं मुट्रॉ.

विमानातून उतरताना हातात असलेली आयओएमची (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची) पांढरी प्लास्टिक पिशवी बहुतेक घरांत कपाटावर जपून ठेवलेली असते. तीत छातीचा एक्स-रे आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद असलेला कागद) सापडतो; येण्याची तारीख त्यावरून घ्या. सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे ए-फाइल, इमिग्रेशन खात्याने त्या माणसाची ठेवलेली फाइल. माहिती अधिकाराखाली ती इमिग्रेशन खात्याकडे ऑनलाइन मागता येते. ए-नंबर (त्या फाइलचा क्रमांक) आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. तिच्यातल्या आय-५९० या निर्वासित म्हणून केलेल्या अर्जात आईवडील, गावं, कामधंदा, पळापळ, सगळं नोंदलेलं असतं. ती वेळेत येत नाही, अंत्यविधीसाठी तिच्या भरवशावर राहू नका. वर्षश्राद्धासारखं काही करणार असाल तर तेव्हा कामी येईल.

लिहिताना युद्धाला तीन परिच्छेद आणि अमेरिकेतल्या वर्षांना एक ओळ, असं होऊ देऊ नका. रात्रपाळी, विमानभाड्याचं बिनव्याजी कर्ज हप्त्याहप्त्याने फेडल्याच्या पावत्या, नागरिकत्वाच्या परीक्षेचे पाठ केलेले १०० प्रश्न आणि परसातली अंबाडी: नवा संसार याच्यावर उभा राहिला. (मिनेसोटात अंबाडीला बोंडं धरण्याआधीच थंडी पडते. ते पाल्यासाठीच लावत.)

बर्मात राहिलेल्या भावाबहिणींची नावं आणि सध्याचं गाव छापू नका. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तर नाहीच, कारण पत्रिकेचा फोटो फेसबुकवर जातोच आणि लष्कराच्या नजरेस पडू शकतो.

छपाईची शेवटची अडचण फाँटची. स्गॉ कारेन या कारेन भाषेचे जुने फाँट युनिकोड नाहीत, दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर भलतीच अक्षरं उमटतात. युनिकोडमध्ये टाइप करून, फाँट आत बसवलेली पीडीएफच द्या, आणि पहिली प्रत चर्चमधल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या.