फोम कटर, भाग 3: 0.4 ओहम गेले कुठे?

ऐरोलीत पाऊस असा लागलाय की ग्लायडर बाहेर काढायची सोयच नाही, म्हणून रविवारी पंखासाठी एक्सपीएस (थर्माकोलसारखा, पण दाट फोम) तापलेल्या तारेने कापायच्या हॉटवायर कटरचं काम पुढे नेलं.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली 0.4 मिमीची नायक्रोम (निकेल-क्रोमियमची, हीटरमध्ये असते ती तार), त्यातला 50 सेमी तुकडा. हिशोबाने ही तार मीटरला साधारण 8.8 ओहम, म्हणजे माझ्या तुकड्याला 4.4. मल्टीमीटरवर 4.7 आलं, पण नुसते प्रोब एकमेकांना टेकवले तरी तो 0.3 दाखवतो, ते वजा केले की बरोब्बर 4.4, मी खूष! सप्लाय 12 व्होल्टचा, 12 भागिले 4.4 म्हणजे 2.7 अँपिअर, म्हणजे जवळपास 33 वॅट.

चालू केलं तर करंट 2.5 च. उलटा हिशोब मांडला, 12 भागिले 2.5, 4.8 ओहम. आधी वाटलं तार तापली म्हणून रेझिस्टन्स वाढला असेल, पण नायक्रोम काही बल्बची टंगस्टन नाही, टंगस्टनचा गरम झाल्यावर दहापटीहून वाढतो, हिचा जेमतेम काही टक्के, आणि इथे तर 9 टक्के फरक.

मग थेट तारेच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायला गेलो आणि करंट मोजताना लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात ठेवला होता तो तसाच राहिला. म्हणजे मीटर नाही, सरळ शॉर्ट लावला. ठिणगी, आणि एसएमपीएस (म्हणजे तो 12 व्होल्टचा सप्लाय) टिक टिक टिक. नशीब त्याला प्रोटेक्शन आहे. आतून आई, "अरे काय जाळतोयस?" काही नाही गं म्हटलं.

प्रोब बदलून परत मोजलं, सप्लायवर 12.0 आणि तारेवर 11.0. आता 11 भागिले 2.5, 4.4, सापडलं! मधला 1 व्होल्ट खात होत्या त्या स्वस्तातल्या क्रोकोडाइल क्लिपा आणि त्यांची केसासारखी वायर, 1 गुणिले 2.5 म्हणजे अडीच वॅट नुसते क्लिपा तापवायला, तरीच बोट भाजलं होतं. नायक्रोमला सोल्डर धड धरत नाही म्हणून पितळी स्क्रू कनेक्टर आणि दीड स्क्वेअर मिमीची जाड वायर लावली. आता तारेवर 11.9, करंट 2.7, 32 वॅट.

पण 32 जास्तच झाले, फोम कापायच्या आधीच वितळतो, भेग रुंद होते आणि वास येतो तो वेगळाच (गॅलरी उघडी ठेवूनच करा रे). म्हणून पीडब्ल्यूएम डिमर (सप्लाय झपाझप चालू-बंद करून पॉवर कमी करतो तो) लावला, आणि इथे परत फसलो. अर्ध्यावर मीटर 6 व्होल्ट नि 1.35 अँपिअर दाखवतो, गुणाकार 8 वॅट, पण तार काही 8 वॅटवाली वाटेना. साधा मीटर सरासरी दाखवतो ना, आणि तार अर्धा वेळ पूर्ण 32 वॅट खातेय आणि अर्धा वेळ शून्य, म्हणजे खरे 16. पीडब्ल्यूएमवर सरासरी व्होल्ट गुणिले सरासरी अँपिअर करू नका, पूर्ण पॉवर मोजून तिला ड्यूटीने, म्हणजे किती टक्के वेळ चालू त्याने, गुणा.

70 टक्क्यांवर, साडेबावीस वॅटच्या आसपास, सनमायकाच्या टेम्प्लेटवरून पहिला पंख कापला. मध्ये हात क्षणभर थांबला तिथे खड्डा पडलाय, फोटो टाकत नाही.