मृत दुव्याच्या जागी नवा दुवा: माझा अनुभव

मराठी विकिपीडियावरच्या लेखांखालचे मृत, म्हणजे आता न उघडणारे, संदर्भदुवे दुरुस्त करताना मी आधी लेखातलं वाक्य वाचते, मग दुव्याकडे वळते. त्या वाक्यातला आकडा किंवा तारीख ज्या पानावर आहे तेच पान हवं. त्याच विषयावरचं दुसरं काहीतरी लावलं तर वाक्य निराधारच राहतं.

बरेच दुवे मुळात मेलेले नसतात. शेवटी पूर्णविराम किंवा कंस चिकटलेला असतो. देवनागरी पत्ते तर हमखास तुटतात. कॉपी केल्यावर एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात, नुसत्या ‘मराठी’ची काना-वेलांटी धरून ४५. त्यातलं शेपूट राहून गेलं की पान सापडत नाही.

शासन निर्णयांचे दुवे संकेतस्थळाची रचना बदलली की गठ्ठ्याने मोडतात. पण पीडीएफच्या नावातच बहुधा १८ आकडी सांकेतांक असतो. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस: २०१५०८१२ म्हणजे १२ ऑगस्ट २०१५. शासन निर्णयांच्या शोधपानावर सांकेतांकाच्या रकान्यात तो टाकायचा. विषयावरून शोधलं तर त्याच विषयाचं शुद्धिपत्रक हाती येऊ शकतं, आणि घाईत तेच लावलं जातं.

बातमीसाठी मथळा अवतरणचिन्हांत शोधते. नाहीच मिळाली तर वेबॅक मशीन, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारं संग्रहालय. तिथल्या कॅलेंडरवर निळा ठिपका म्हणजे पान मिळालं, हिरवा म्हणजे दुसरीकडे वळवलं, केशरी म्हणजे पान सापडलं नाही, लाल म्हणजे सर्व्हरची चूक. निळ्यावरही डोळे झाकून विश्वास नको. काढलेल्या बातमीच्या जागी मुखपृष्ठ दाखवणारी संकेतस्थळं आहेत, आणि त्याचाही ठिपका निळाच येतो. संदर्भ दिल्याच्या तारखेजवळची प्रत उघडून ते वाक्य डोळ्यांनी पाहायचं.

युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत, रुळण्यापूर्वीच्या बातम्यांचं पान उघडतं, पण रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिड काला दिसतो. मजकूर शाबूत असतो, फक्त फॉन्ट नसतो. पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव मिळतं. त्याच फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरायचा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तरीही जागा सोडतात, त्यामुळे व्यक्तींची आणि गावांची नावं मी हाताने ताडून घेते.

जुना पत्ता मी पुसत नाही. जतन प्रत त्याच्या शेजारी देते. नवा पत्ता मिळाला असेल तर तोही लगेच वेबॅकमध्ये जतन करते. मोठी पीडीएफ कधी अर्धवट उतरते, म्हणून जतन झालेल्या प्रतीचं शेवटचं पान उघडतं का, तेही पाहते.